नॅपकिनखालचे हात

मी आज जो काही आहे तो सोलापूरच्या पूर्व भागातल्या माझ्या टायपिंगच्या बाईंमुळे आहे. आई-वडिलांनी वाढवलं, शाळेत घातलं, त्यांची जागा वेगळीच. पण आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं, आणि पुढे गेल्यावर तिथे काय असतं हे सांगणारं कुणी नव्हतं. ते बाईंनी सांगितलं.

आमचं गाव मैंदर्गी. घरी मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन, बोलणं अर्धं कानडी, अर्धं मराठी. बी.कॉम.साठी मी सोलापूरला निघालो तेव्हा वडील एवढंच म्हणाले, "ते टायपिंग का काय म्हंत्यात ते शिकून घे. सावलीत बसून खानारी मान्सं तेच करत्यात." म्हणून कॉलेजात नाव घातल्याच्या आठवड्यातच मी बाईंच्या क्लासच्या पायरीवर उभा राहिलो.

रस्त्याकडेची एक लांबट खोली, तीत टाइपरायटरच्या दोन रांगा, मागे स्वयंपाकघर आणि त्याच्या मागे पत्र्याची शेड. शेडमध्ये बाईंच्या यजमानांचे माग होते. आम्ही त्यांना काका म्हणायचो. टॉवेल आणि नॅपकिन निघायचे त्यांच्याकडे. मागांचा खडखडाट भिंतीतून क्लासमध्ये येई आणि नवीन पोरांना काही सुचत नसे. बाई म्हणायच्या, "या गोंगाटात ज्याला आपली बोटं ऐकू येतात तो परीक्षेत घाबरत नाही."

बाई कुणालाही नावाने हाक मारत नसत, गावाने मारत. मी पहिल्या दिवसापासून मैंदर्गी. माझ्या शेजारच्या मशीनवर बार्शीजवळच्या वैरागहून आलेली एक मुलगी बसायची, ती वैराग. सोलापूरचीच पोरं असली तर त्यांची पेठ. मला आधी वाईट वाटलं होतं. नंतर कळलं की गावाचं नाव घेतलं की बाई आपल्याकडून गावाच्या अब्रूचं काम करून घेतात. "मैंदर्गीत असं टाइप करतात का रे?" असं त्या विचारायच्या आणि मी कागद बदलून पुन्हा सुरू करायचो. मैंदर्गीत तेव्हा टाइप करणारं कुणीच नव्हतं.

दुसरी पद्धत नॅपकिनची. काठ वाकडा गेलेले, बाजारात न जाणारे नॅपकिन काका क्लासला देत. मशीनच्या वरच्या कडेला नॅपकिन कपड्याच्या चिमट्याने अडकवायचा, तो बटणांवर आणि हातांवर पसरायचा आणि त्याच्या खाली टाइप करायचं. बोटांकडे बघायची सोयच नाही. बाई स्वतः उतारा करून दाखवायच्या तेव्हाही नॅपकिन टाकूनच. "मी पण बघत नाही, तुम्ही पण बघायचं नाही." वर नुसतं कापड हलायचं आणि कागद भरत जायचा. मागांचा आणि बाईंचा ठेका इतका सारखा होता की कधीकधी कुठला कुठला ते कळायचं नाही.

बाई बहुतेक वेळ स्वयंपाकघरात असत आणि शिकवत तिथूनच. भाकरी थापता थापता ओरडायच्या, "ए वैराग, डावी करंगळी आळशी आहे!" वैराग दचकायची, कारण ते खरं असायचं. मागांच्या त्या आवाजात, भिंतीपलीकडून, कुणाचं कुठलं बोट मागे पडतंय ते बाईंना ऐकू यायचं.

मी दुसऱ्या वर्षाला असताना वडील आजारी पडले. मी कॉलेज सोडून गावी गेलो आणि मेंढरांमागे फिरू लागलो. एका सकाळी एसटीतून बाई उतरल्या. मैंदर्गीत त्या कुणाला ओळखत नव्हत्या, विचारत विचारत आमच्या दारात आल्या आणि आईने अंथरलेल्या घोंगडीवर बसल्या.

वडील खाटेवरून म्हणाले, "बाई, तुमचं समदं खरं. पर मेंढरं कोन राखनार?"

"मेंढरं तुमच्या घरात पिढ्यान् पिढ्या राखलीत की. ती कोण ना कोण राखेल. याच्यासारखं टायपिंग तुमच्या घरात आजवर कुणी केलंय?"

वडिलांना हसू आलं. "न्हाय बा. कुनीच न्हाय."

"मग? जे कुणालाच येत नाही ते करणाऱ्याला मेंढरामागं लावलंत तर नुकसान कुणाचं?"

"तुमी लई बोलता की," वडील म्हणाले. मग आईकडे वळून, "चा ठेव." परतीच्या एसटीत मी बाईंच्या शेजारी बसलो होतो. मेंढरं नंतर चुलत्याने सांभाळली. मी पदवीधर झालो. माझी पहिली नोकरीही बाईंच्याच शब्दावर लागली. त्यांनी मला एका ऑफिसात नेलं आणि तिथल्या साहेबांना म्हणाल्या, "आधी याला मशीनवर बसवा, मग बोला."

आता मी पुण्यात एका कंपनीत आहे. माझं काम लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करण्याचं. दिवसभर फोन येतात आणि दहातले बरेच जण एकच सांगतात, कॉम्प्युटर हळू झालाय. बऱ्याचदा त्याला काही झालेलं नसतं. चालू होताना त्याच्याबरोबर नको असलेले प्रोग्राम आपोआप उठतात आणि सगळे मिळून त्याला दमवतात. त्यांचं आपोआप उठणं बंद करायचं, की झालं.

गेल्या मे महिन्यात एका लग्नासाठी सोलापूरला गेलो आणि नेहमीप्रमाणे बाईंकडे गेलो. टाइपरायटर केव्हाच गेले होते. परीक्षा कॉम्प्युटरवर आली तसे बाईंनी कॉम्प्युटर घेतले. मग लॉकडाऊन आला, मुलं पांगली, आणि एकेक करून ते कॉम्प्युटरही गेले. राहिला तो एक, बाईंचा स्वतःचा. काकांचे माग अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्याने नेले होते. शेडमध्ये कुणाच्या तरी फरशांच्या पेट्या रचून ठेवल्या होत्या. घरात शिरल्यावर मला पहिल्यांदा जाणवलं ते हे, की इथे काही ऐकू येत नाही. कूलरची घरघर तेवढी.

"आला का बे, पुणेकर?" काका म्हणाले. "नळाला पाणी यायचा दिवस धरून बरोबर आलास. आंघोळ तरी मिळेल."

"मैंदर्गी आहे तो," बाई आतून म्हणाल्या. "पुणेकर कधी झाला?"

बाई बाहेर आल्या. वाळल्या होत्या. पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी धरून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. मला ते वेगळं वाटलं नाही. पाहुण्याला आपण तसंच देतो.

जेवण झाल्यावर त्यांनी विषय काढला. गल्लीतल्या चार मुली जूनपासून शिकायला येतो म्हणत होत्या, आपापले लॅपटॉप घेऊन. हैदराबादला असलेला त्यांचा मुलगा म्हणत होता, क्लास बंद करा, खोली भाड्याने द्या आणि आमच्याकडे या. काकांचाही कल तिकडेच होता. बाईंचा नव्हता.

"अरे, त्या मुलींना परवा उतारा करून दाखवला," बाई म्हणाल्या, "तर माझं बोट पडतं आणि अक्षर मागाहून येतं. मशीन इतकं मंद झालंय. एक मुलगी दुसरीच्या कानात काहीतरी बोलली. मला ऐकू येतं हे त्यांना अजून माहीत नाही."

"काय बोलली?"

"बाईंपेक्षा माझी आई फास्ट करते म्हणे. मोबाइलवर!"

काका मोठ्याने हसले. बाईही हसल्या, पण लगेच थांबल्या. "मी यांना सांगून टाकलंय. मशीन नीट झालं तर जूनची बॅच घेणार. नाही झालं तर पाटी उतरवायची आणि हैदराबादला जायचं. आता तू बघ."

मला खूप आनंद झाला. बाईंसाठी काही करायचं म्हणून मी आजवर साड्या नेल्या, मिठाई नेली, त्या नको नको म्हणाल्या. आज पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे काही मागितलं होतं, आणि मागितलं तेही नेमकं मला येणारं.

मी कॉम्प्युटर चालू केला. पडदा उजळला आणि एकेक खिडकी उघडू लागली. मुदत संपलेला अँटिव्हायरस, नंतर प्रिंटरचा प्रोग्राम, जुन्या मोबाइलचा, ऑनलाइन क्लाससाठी टाकलेला मीटिंगचा. नातवाचा एक गेम गाणं वाजवत उठला. कोपऱ्यात आजची तिथी दाखवणारं कॅलेंडर आलं. माउसचा बाण मध्येच गोठला. बाईंनी माझ्याकडे बघितलं, बघ, मी म्हणत होते ना, तसं.

मी स्टार्टअपची यादी उघडली आणि बाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. हजेरी घ्यावी तशी त्यांनी बोट ठेवून चौकशी सुरू केली.

"हा कोण?"

"प्रिंटरचा, बाई."

"प्रिंटर तर भंगारात गेला. हा अजून कामावर येतोय?"

"रोज येतो."

"बंद कर. आणि हा?"

"तुमच्या जुन्या मोबाइलचा."

"याला कुणी बोलावलं होतं?"

"कुणी नाही. मोबाइल एकदा जोडला असेल, तेव्हापासून मुक्काम."

काका पलंगावरून म्हणाले, "आपल्या घरासारखंच झालं की बे. चहाचं पातेलं वाजलं की गल्ली हजर."

एकेकावर जाऊन मी त्याचं आपोआप उठणं बंद करत गेलो. बाईंना काळजी वाटली, की हे सगळं पुसलं तर जात नाही ना. मी सांगितलं, "पुसत नाही बाई. फक्त न बोलावता उठायचे ते आता उठणार नाहीत. तुम्ही हाक मारली की येतील." कॅलेंडर त्यांनी राहू दे म्हटलं. मराठी अक्षरांचा प्रोग्राम मीच ठेवला, त्याच्याशिवाय उतारा झाला नसता.

मग कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. काका पाणी प्यायला उठून परत येईपर्यंत तो तयार होता. पडदा स्वच्छ, कोपऱ्यात तिथी. बाण हातासरशी पळत होता. मी स्वतः दोन ओळी टाइप करून पाहिल्या. बोट पडलं की अक्षर हजर.

"झालं बाई. बसा."

बाईंनी पदर खोचला. कपाटातून नॅपकिन काढला, जुनाच, एका काठाला वाकडा. तो पडद्याखाली चिमट्याने अडकवला आणि हातांवर पसरला. पाठ ताठ केली, दोन्ही पाय जमिनीला टेकवले. परीक्षेचा उतारा त्यांना पाठ आहे. त्यांनी डोळे समोर ठेवून सुरुवात केली.

मी पडद्याकडे बघत होतो, त्यामुळे पहिल्या ओळीपर्यंत मला वाटलं की कॉम्प्युटर अजून अडतोय. अक्षरं थांबून थांबून येत होती. दोन पटकन, मग खंड, मग एक. मी मनात शोधू लागलो की आपल्याकडून बंद करायचा कुठला राहिला. मग मी पडदा सोडून ऐकायला लागलो. बटण वाजत होतं आणि अक्षर त्याच क्षणी उमटत होतं. उशीर अक्षराला होत नव्हता. खंड होता तो बटणाच्या आवाजातच होता.

माग चालू असते तर कदाचित ते मला ऐकू आलं नसतं.

बाईंनी चार ओळी पूर्ण केल्या. मध्ये एकदा मागे जाऊन एक शब्द दुरुस्त केला. त्यांच्या हाताखाली मी कितीतरी उतारे केले, पण मागे जाऊन दुरुस्त करताना त्यांना कधी पाहिलं नव्हतं. नॅपकिन डाव्या बाजूला बारीक थरथरत होता. बाई थांबल्या. काही क्षण हात तसेच खाली राहिले. मग त्या नेहमीच्या आवाजात, स्वयंपाकघरातून द्यायच्या त्याच आवाजात म्हणाल्या, "डावी करंगळी आळशी आहे."

मी उगाच माउस हलवून पाहिला.

"झालं का फास्ट?" काकांनी विचारलं.

"झालं," बाई म्हणाल्या. "पोराने मशीन अगदी नवं करून दिलं." आणि काकांना त्यांच्या घरच्या तेलुगूत आणखी एक वाक्य म्हणाल्या. मला कळू नये असं काही असलं तरच त्या माझ्यासमोर तेलुगू बोलायच्या. काका पलंगावर उठून बसले आणि त्यांनी पुढे एकही विनोद केला नाही.

बाईंनी नॅपकिनची घडी घातली. चार पदरी, काठाला काठ लावून. त्यात वेळ गेला. निघताना त्यांनी मला शेंगाचटणीची पुडी दिली आणि पायरीपर्यंत आल्या. मी पाया पडलो तेव्हा त्यांनी डोक्यावर हात ठेवला. बोलावं असं मला फार वाटलं, पण ज्यांनी मला उभं केलं त्यांना मी काय सांगणार होतो?

पुण्याला आल्यावर आठवड्याभरात बाईंचा फोन आला. काकांनी डॉक्टरकडे नेलं होतं. नसांचा त्रास आहे, गोळ्या दिल्यात, पूर्वीसारखं होईल असं डॉक्टर म्हणत नाहीत. मग विचारलं, "ए मैंदर्गी, तू ते जे बंद केलंस ते परत चालू करता येतं का?"

"येतं की, बाई."

"सगळं? होतं तसं?"

"हो. कसं करायचं सांगू का?"

मग त्या हसल्या. "नको, नको. राहू दे. मी सहज विचारलं." आणि वडिलांची तब्येत विचारू लागल्या.

मला हा प्रश्न रोज लोक विचारतात. कुणाचं काहीतरी हवं असलेलं बंद झालेलं असतं. पण बाईंना त्यातलं काहीच नको होतं, गेमसुद्धा नको होता आणि भंगारातला प्रिंटरही नको होता. त्यांना मशीन पुन्हा मंद हवं होतं, निदान फोन केला त्या घडीला. त्या दिवशी मी ऑफिसात कुणाचाच कॉम्प्युटर नीट केला नाही. दुसऱ्या दिवशी पत्र लिहिलं आणि पोस्टाने पाठवलं.

पत्राचं उत्तर असं आलं नाही. माझंच पत्र लाल पेनाने तपासून परत आलं. समास दोन ठिकाणी चुकला होता आणि एका स्वल्पविरामानंतर मी जागा सोडली नव्हती. लाल रेघा वेड्यावाकड्या होत्या. शेरा लिहायची जागा कोरी होती.

जूनमध्ये बॅच बसली नाही. त्या मुली दुसऱ्या क्लासला गेल्या. दिवाळीत मी सोलापूरला गेलो, तेव्हा घरात बांधाबांध चालली होती आणि पाटी तेवढी जागेवर होती. काकांनी स्टूल धरलं, बाई पायरीवर उभ्या राहिल्या. उतरवल्यावर पाटीमागची भिंत वेगळ्याच रंगाची निघाली. तो नॅपकिन बाईंनी मला दिला.

पत्र मी बाईंनी शिकवलेल्या नमुन्यातच लिहिलं होतं. त्यांच्या दुरुस्त्या घालून ते इथे देतो.

प्रति,
आदरणीय बाई यांस,

विषय : जूनची बॅच घेण्याबाबत.
संदर्भ : आपला कालचा फोन.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करतो, की आपण बॅच घ्यावी.

फोनवर मला हे बोलता आलं नाही. तुम्ही विचारलंत की बंद केलेलं परत चालू करता येतं का. तुम्ही का विचारलंत ते मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी कसं करायचं ते सांगायला निघालो, कारण मला तेवढंच येतं.

बाई, काल मी वैरागला फोन केला. ती आता सरकारी ऑफिसात आहे. मी तिला विचारलं, टाइप करताना बाईंची बोटं कशी चालायची, आठवतं का? ती म्हणाली, कसं आठवणार, आपण ती कधी पाहिलीच नाहीत. ते खरं आहे. तुमचे हात कायम नॅपकिनखाली होते. आम्ही तुमच्या हातांकडे बघून काहीच शिकलो नाही. तुम्ही स्वयंपाकघरातून ऐकत होता आणि आम्ही शिकत होतो. तुमचे कान चांगले आहेत. त्या मुलीचं कानातलं बोलणंसुद्धा तुम्ही ऐकलंत. मुलींना त्यांच्या लॅपटॉपवर बसवा, तुम्ही आत बसा. उतारा करून दाखवायची गरज नाही.

मी हे धीर देण्यासाठी लिहीत नाही. तुम्हाला खोटा धीर दिलेला चालत नाही हे मला माहीत आहे. करंगळीचं जे झालंय ते झालंय. त्याचं मला काय वाटतं ते या नमुन्यात लिहायला जागा नाही.

वडील प्रत्येक फोनला विचारतात, "बाई कशा हायत?" त्यांना आता कमी ऐकू येतं, म्हणून उत्तर मोठ्याने द्यावं लागतं. काल मी "बऱ्या आहेत" असं ओरडून सांगितलं आणि ऑफिसातले सगळे माझ्याकडे बघायला लागले.

हे पत्र मी हातांवर नॅपकिन टाकून टाइप केलं आहे. शेजारचा हसला. खुर्चीत बसलो की माझी पाठ अजून ताठ होते आणि पाय जमिनीला टेकतात, मी तेव्हा वेगळाच कसला तरी विचार करत असलो तरी. चुका असतील त्या दाखवाव्यात.

बॅच नाहीच घ्यायची असं ठरलं, तर एक विनंती आहे. पाटी लगेच उतरवू नका. ती उंचावर आहे, काकांना चढणं जमणार नाही आणि परक्या माणसाने ती उतरवू नये असं मला वाटतं. मी दिवाळीला येतो. मी उतरवीन.

आपला आज्ञाधारक,
मैंदर्गी